केसांची टोके आणि केसांची मुळे

तमिळनाडूतील तंजावर शहराच्या दक्षिणेस, पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी येथे मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ एक विस्तीर्ण छत्र उभारले. छत्र म्हणजे यात्रेकरूंच्या निवासाची व भोजनाची सोय असलेली धर्मशाळा होय. रामेश्वरास जाणारे यात्रेकरू अशा छत्रांत विसावा घेत. काशीहून गंगाजल आणून ते रामेश्वराला वाहावे आणि सेतूजवळची वाळू प्रयागच्या संगमात सोडावी, असा या जोडयात्रेचा परिपाठ होता. स्वतः सरफोजींनीही १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा केली.

या यात्रेतील प्रयागचा एक विधी प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. तो म्हणजे वेणीदान. विवाहित स्त्रीची वेणी तिचा पती घालतो आणि त्या वेणीच्या टोकाचे दोन बोटे केस कापून संगमात अर्पण केले जातात. या विधीमागे केवळ श्रद्धा आहे. केस वाढावेत हा त्याचा हेतू नाही. परंतु टोके कापण्याची हीच क्रिया घरोघरी अगदी निराळ्या हेतूने केली जाते. शेंडे वेळोवेळी छाटले की केस लवकर व दाट वाढतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी प्रथम केस कसा वाढतो ते समजून घेतले पाहिजे.

केसाचा जिवंत भाग डोक्याच्या त्वचेखाली असतो. तेथे प्रत्येक केसासाठी एक सूक्ष्म नळीसारखी पिशवी असते. तिला पुटक म्हणतात. पुटकाच्या तळाशी रक्तवाहिन्यांतून पोषण मिळते व नव्या पेशी सतत तयार होत असतात. या पेशी वर ढकलल्या जाताना केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, कठीण होतात आणि मरतात. त्वचेबाहेर दिसणारा केस हा अशा मृत पेशींचा धागा आहे. त्यात मज्जातंतू नाहीत आणि रक्तही नाही; म्हणूनच तो कापताना वेदना होत नाही. झाडाची फांदी छाटली असता खालचे डोळे फुटतात, कारण फांदी जिवंत असते. केसाच्या टोकाला मात्र मुळाकडे कोणताही निरोप पोहोचवता येत नाही.

डोक्यावरील प्रत्येक केस ठराविक क्रमाने वाढतो, थांबतो आणि गळतो. वाढीचा काळ साधारणपणे दोन ते सहा वर्षांचा असतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रांती येते. मग तो केस गळतो व त्याच पुटकात नवा केस उगवतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील बहुतेक कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे ही स्वाभाविक गोष्ट होय. वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर इतका असतो. ज्या व्यक्तीचा वाढीचा काळ तीन वर्षांचा आहे तिचे केस खांद्याच्या थोडे खाली येऊन थांबतात. ज्या व्यक्तीचा तो सहा वर्षांचा आहे तिचे केस कमरेपर्यंत पोहोचू शकतात. हा काळ मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो. कात्री त्यात बदल करू शकत नाही.

या गोष्टीची प्रत्यक्ष परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये दाढी करण्याचा केसांच्या वाढीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तऱ्यामुळे केसांचा वेगही वाढत नाही व जाडीही वाढत नाही, असे त्यांना आढळले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पाच तरुणांचा एकच पाय दर आठवड्याला कित्येक महिने भादरला गेला व दुसरा तसाच ठेवला गेला. दोन्ही पायांवरील केसांत काहीही फरक पडला नाही.

मग ही समजूत इतकी दृढ का झाली? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते व मऊ असते. कापल्यावर ते बोथट होते आणि म्हणून केस जाड भासतो. जावळ काढल्यावर मुलाला दाट केस येतात असे म्हणतात, त्याचेही कारण असेच आहे. जन्माच्या वेळचे तलम केस वयानुसार आपोआप गळून त्यांच्या जागी राठ केस येणारच असतात. जावळ नेमके त्याच सुमारास काढले जाते आणि त्याचे श्रेय वस्तऱ्याला मिळते.

तथापि टोके कापणे सर्वस्वी निरर्थक आहे, असे मात्र नाही. पाऊण मीटर लांबीच्या वेणीचे टोक सुमारे सहा वर्षांपूर्वी त्वचेतून बाहेर पडलेले असते. सहा वर्षांचे ऊन, न्हाणे, विंचरणे व घासणे त्याने सोसलेले असते. केसाभोवती कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे संरक्षक आवरण असते. ते झिजले की आतील तंतू उघडे पडतात आणि केसाला फाटे फुटतात. फाटलेला केस गुंत्यात अडकून वरच्या बाजूस तुटतो. मुळाशी केस नेहमीच्याच वेगाने वाढत असतो, पण खाली तितकाच तुटत असल्यामुळे लांबी वाढत नाही. अशा वेळी फाटे फुटलेला भाग कापून टाकणे हितावह ठरते. त्यामुळे वाढ होत नाही. झालेली वाढ टिकते.

मात्र येथे साधा हिशेब विसरता कामा नये. वर्षाला केस सुमारे बारा सेंटिमीटर वाढतात. दर तीन महिन्यांनी दोन सेंटिमीटर कापले, तर आठ सेंटिमीटर गेले व चार उरले. दरमहा एक सेंटिमीटर कापणाऱ्या मुलीचे केस वर्षानुवर्षे तेवढेच राहतील. तेव्हा पंचांग पाहून नव्हे, तर टोके पाहून कात्री हाती घ्यावी. फाटे नसतील तर कापण्याची गरजही नाही.

फाटे फुटू नयेत म्हणून काळजी घेणे अधिक श्रेयस्कर होय. ओला केस ताणला जातो व सहज तुटतो. म्हणून गुंता कोरड्या केसांत, रुंद दातांच्या फणीने, टोकांकडून वर सोडवावा. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या प्रघातालाही आधार आहे. मुंबईतील एका तेल उत्पादक कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोबरेल केसाच्या आत शिरते व धुताना होणारी प्रथिनांची हानी कमी करते, असे दाखवले. सूर्यफुलाच्या व खनिज तेलात हा गुण आढळला नाही.

मूळच दुर्बल झाले असेल, तर कात्री व तेल दोन्ही निरुपयोगी ठरतात. सरफोजींनी १८०१ मध्ये तंजावरच्या ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आपल्या राज्यातील छत्रांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीला तेथे औषधोपचार मिळत आणि प्रसूतीनंतर तीन महिने राहण्याची मुभा असे. सुमारे तेवढ्याच अवधीनंतर अनेक बाळंतिणींचे केस मोठ्या प्रमाणावर गळू लागतात. गरोदरपणात वाढीच्या अवस्थेत टिकून राहिलेले केस प्रसूतीनंतर एकदम विश्रांतीत जातात व दोन-तीन महिन्यांनी गळतात. तीव्र ज्वर, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांनंतरही असेच घडते. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. परंतु ती दीर्घकाळ चालू राहिली, तर रक्तातील लोहाची कमतरता किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार यांचा शोध घेणे आवश्यक असते. आपल्या देशात रक्तक्षय झालेल्या स्त्रिया असंख्य आहेत. केस विरळ होत चाललेल्या मुलीची वेणी छाटून ते दाट होण्याची वाट पाहण्यात महिने जातात आणि दुखणे तसेच राहते. टोके फाटलेली असतील तर कात्री पुरेशी आहे. केस मुळापासून गळत असतील तर वैद्याकडे गेले पाहिजे. केस हातात घेऊन पाहिल्यास हा भेद घरच्या घरी कळू शकतो. आपोआप गळलेल्या केसाच्या एका टोकास बारीक पांढरी गाठ असते. तुटलेल्या केसाला ती नसते.