पट्टी फिटिंग ते कन्सील्ड

१९६०-७०च्या दशकांतल्या चाळीत आजही छताजवळून गेलेली लाकडी पट्टी दिसते. तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेली वायर खोलीभर फिरलेली असते. त्या काळी गवंड्याचं काम आटोपलं की वायरमन यायचा. चूक झाली तरी डोळ्यांसमोर असायची. पुढे पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग आली, मग वायरी भिंतीत गेल्या. नव्या बांधकाम कंत्राटदाराने हा बदल नीट समजून घ्यायला हवा, कारण आता विजेचं काम स्लॅबच्या सळया बांधतानाच सुरू होतं. पंख्याचा बॉक्स, पाइपांची वळणं, डीबीची (वितरण पेटीची) जागा काँक्रीट पडण्याआधी ठरली नाही, तर नंतर तोडफोड आलीच.

पट्टीच्या काळात अनेक घरांत अ‍ॅल्युमिनिअमची वायर असे. स्क्रूखाली ती दबत जाई, जोड सैल पडे, आणि सैल जोड तापतो. आता तांब्याची वायर सर्रास वापरतात: दिवे-पंख्यांना १.५, पॉवर प्लगला २.५, गीझर-एसीला बहुधा ४ चौरस मिलिमीटर.

किटकॅट फ्यूज उडाला की लोक त्यात जाड तार घालत. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारा एमसीबी आला तरी ती खोड गेली नाही. १६ अँपिअरचा सारखा पडतो म्हणून ३२चा बसवतात. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर तीच ठेवून तो वाढवला, तर जळेल ती वायरच. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो पुरवठा तोडतो. मात्र त्याच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला, की तो विनाकारण पडत राहतो. मग वैतागून कुणीतरी तो बायपासच करतं. इतक्या वर्षांनी हाती आलेलं संरक्षण असं आपल्याच हातांनी काढून टाकलेलं पाहून फार वाईट वाटतं.

अर्थिंगचं दुखणं मात्र जुनंच आहे. तीन पिनांचा प्लग घरोघरी पोहोचला, पण कित्येक ठिकाणी तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. पायाचं काम चालू असतानाच अर्थिंगचा खड्डा घ्यावा, प्लॅस्टरआधी पाइपांचे फोटो काढून ठेवावेत आणि ताबा देण्यापूर्वी मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्यावं. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मीटरसाठी लागतोच, पण तो प्रत्यक्ष तपासणी करून भरलाय ना, हे बांधकाम कंत्राटदाराने स्वतः उभं राहून पाहावं.