सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं की तयार विकत घ्यायचं?



येत्या वार्षिक सभेत संस्थेच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा विषय आहे. काही जण म्हणतात, आपल्यापुरतं खास बनवून घेऊ. काही म्हणतात, बाजारात टॅली आहेच, तेच घ्या. सभेला येण्याआधी एवढं वाचून या.

गावोगावी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या प्राथमिक कृषी पतसंस्थांपुढेही हाच प्रश्न होता. कुठे वह्या, कुठे वेगवेगळी सॉफ्टवेअर, एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. २९ जून २०२२ ला केंद्राने अशा ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. प्रत्येकाने आपलं वेगळं बनवायचं नाही, नाबार्डमार्फत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर आणि त्यात राज्याच्या गरजेप्रमाणे फेरफार, असं ठरलं. जुन्या नोंदी संगणकात भरणं, देखभाल, प्रशिक्षण हेही त्याच खर्चात धरलं.

यातून आपण काय घ्यायचं? जे सगळ्यांचं सारखं, ते तयार घ्यावं. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद आपला काही जगावेगळा नाही. ऑडिटरलाही ते ओळखीचं पडतं.

आपलं वेगळं आहे ते मासळीचं. कोणी किती रोहू, कतला, मृगळ आणली, वजन, भाव, जाळ्या-होडीसाठी घेतलेल्या उचलीची कपात आणि शेवटी हातात किती. हे तयार सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं मिळेलच असं नाही. पण त्यासाठी लगेच प्रोग्रामर बोलवायची गरज नाही. एक हंगाम एक्सेलच्या तक्त्यात चालवून बघू. पुरलं तर उत्तम. नाही पुरलं तर काय हवंय ते नेमकं लिहून देता येईल. जाळ्याचा धागा आपण विकतच आणतो, आस केवढा ठेवायचा ते मात्र मासळी बघून ठरवतो. तसंच हे.

बनवा किंवा घ्या, पैसे देण्याआधी हे विचारायचंच:

१. दरवर्षी किती भरावे लागतील?
२. बनवणारा काम सोडून गेला तर दुरुस्ती कोण करणार?
३. आपल्या सगळ्या नोंदी हव्या तेव्हा बाहेर काढून मिळतील का?
४. नेट नसताना पावती निघेल का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर तिथेच थांबायचं. नोंदी दुसऱ्याच्या हातात अडकल्या की वाटणी अडकते, आणि वाटणी अडकली की घरची चूल अडते.

तुमचं मत सभेत मोकळेपणाने मांडा.

आपला,
सचिव
माधवगंज, ग्वाल्हेर