पपईवर पहारा, चहाला मोकळीक

दिवस गेल्याचं कळलं की घरातली पपई आधी शेजारी जाते. उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भाशय आकसलं ते कच्च्या पपईच्या चिकाने, पिकल्या फळाने नव्हे. कच्ची टाळावी, हे ठीकच. पण सरकारी दवाखान्यातली ती लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, आपण कशाबरोबर घेतो? सकाळच्या चहाबरोबर! (चहाला आपल्याकडे कुणी पथ्यात धरतच नाही.) चहातली टॅनिनं आतड्यात लोहाला धरून बसतात, मग बरंचसं लोह रक्तात न शिरता तसंच बाहेर पडतं. दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लोहाला साथ लिंबाची: वरणावर, पालेभाजीवर पिळलेली एक फोड. आणि गोळीमुळे शौचाला काळपट झाली, तर तो लोहाचाच रंग असतो.