‘मु.’चं मुरुड झालं तर

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत दुय्यम निबंधक कार्यालयांच्या आसपास दस्त टंकून देणाऱ्यांच्या बोटांखालून दिवसभर तेच शब्द जातात: लिहून देणार, लिहून घेणार, मौजे, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड. हे श्रम वाचवणारी सॉफ्टवेअर आहेत. एस्पान्सो आणि ऑटोहॉटकी ही त्यांतली फुकट मिळणारी, आणि वर्डमधली ऑटोकरेक्ट ही सोयही त्याच जातीची. दोन-तीन अक्षरांचा संक्षेप ठरवून ठेवायचा, तो टंकला की पूर्ण मजकूर आपोआप उमटतो.

अडचण येते ती पत्त्यात. समजा ‘मु’ टंकलं की ‘मुरुड’ यावं, अशी सोय केली आहे. मग ‘मु. पो. रेवदंडा’ लिहायला गेलात की ‘मुरुड. पो. रेवदंडा’ उमटतं. ‘रा’चं ‘रायगड’ केलं असेल, तर ‘रा. चौल’मधला राहणार नाहीसा होतो. अशा वेळी झालेला बदल मागे कसा घ्यायचा?

वर्डमध्ये हे सोपं आहे. बदल खुद्द वर्डनेच केलेला असतो आणि त्याच्या नोंदीत ती स्वतंत्र पायरी असते. लगेच कंट्रोल-झेड दाबलं की फक्त तो बदल मागे जातो, तुम्ही टंकलेला ‘मु.’ जागेवर परत येतो. बदललेल्या शब्दावर माउस नेला की त्याखाली बारीक निळी रेघ दिसते. त्या रेघेवर माउस नेला तर ‘पुन्हा असा बदल करू नको’ असंही तिथूनच सांगता येतं.

एस्पान्सोसारखा प्रोग्राम मात्र वर्डच्या बाहेर बसलेला असतो. तो तुमच्या कळा पाहत राहतो आणि शेवटची काही चिन्हं लक्षात ठेवतो. संक्षेप जुळला की स्वतःच बॅकस्पेसच्या कळा पाठवून तो पुसतो आणि नवा मजकूर टंकतो. मजकूर लांब असेल तर क्लिपबोर्डवरून चिकटवतो. ज्या खिडकीत तुम्ही लिहीत आहात तिला हे सगळं तुम्हीच टंकल्यासारखं दिसतं. म्हणून कंट्रोल-झेडचा भरवसा नसतो: कुठे एका दाबात काम होतं, कुठे दोन-तीन लागतात, कुठे आधीचं वाक्यही सोबत जातं.

यावर एस्पान्सोचा स्वतःचा उपाय आहे. मजकूर उमटल्यावर लगेच एकदा बॅकस्पेस दाबायचं. आपण नुकतं काय पुसलं आणि काय लिहिलं हे त्याच्या स्मरणात असतं. तुमच्या बॅकस्पेसने शेवटचं चिन्ह गेलेलं असतं, उरलेली तो मोजून पुसतो आणि मूळ संक्षेप परत टंकतो. ही सोय मुळातच चालू असते, नको असल्यास सेटिंगमधून बंद करता येते. फोनवरच्या जीबोर्डमध्येही बॅकस्पेसने दुरुस्ती मागे घेण्याचा पर्याय आहे. पण हे स्मरण क्षणभराचं. मध्ये एक अक्षर टंकलं, बाण दाबला किंवा दुसरीकडे क्लिक केलं, की कर्सर कुठे आहे याची प्रोग्रामला खात्री उरत नाही. मग बॅकस्पेस म्हणजे साधं बॅकस्पेस.

मराठीत ‘मोजून पुसणं’ हीच खरी नाजूक जागा आहे. ‘श्रीवर्धन’ आपल्याला चार अक्षरं दिसतात: श्री, व, र्ध, न. युनिकोडमध्ये ती नऊ चिन्हं आहेत: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, व, र, हलन्त, ध, न. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एकेक चिन्ह खातं. आता एखाद्या प्रोग्रामने दिसणारी अक्षरं मोजली तर काय होईल पाहा. तुमच्या बॅकस्पेसने ‘न’ गेला, त्याने आणखी तीनच पाठवली, तर ध, हलन्त आणि र जातील आणि कागदावर ‘श्रीव’ उरेल, त्याला चिकटून संक्षेप. उलट, एखादी खिडकी अख्खं अक्षर एका दाबात पुसत असेल आणि प्रोग्राम चिन्हं मोजत असेल, तर त्याच्या आठ कळांपैकी पाच आधीच्या मजकुरात शिरतील. सर्व्हे नंबरच्या शेजारी असं घडलं तर दस्तच चुकतो. म्हणून नवा संक्षेप कामात आणण्यापूर्वी, ज्या खिडकीत टंकायचं त्याच खिडकीत एकदा उमटवून आणि एकदा मागे घेऊन पाहावा. जोडाक्षर असलेलं गावाचं नाव मुद्दाम निवडावं.

संक्षेपापुढे अर्धविराम लावला, म्हणजे ‘;मु’ टंकल्यावरच मुरुड आणि साध्या ‘मु.’ला हात नाही, तर मागे घेण्याची वेळच फारशी येत नाही. माझ्या मते दस्ताच्या कामात ही सवय सक्तीची असावी. एस्पान्सोत संक्षेप पूर्ण शब्द असेल तरच चालवायचा, असंही सांगता येतं. नाहीतर ‘मुलगा’ लिहितानाही मुरुड उमटेल.

जुन्या कागदांची नक्कल करताना तर जास्तच जपावं. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याआधीच्या खरेदीखतात ‘जिल्हा कुलाबा’च असणार आणि नकलेतही तेच राहिलं पाहिजे. सोयीसाठी कोणी ‘कुलाबा’ला ‘रायगड’ जोडून ठेवलं असेल, तर तो बदल दर वेळी बॅकस्पेसने मागे घेत बसू नये. नक्कल संपेपर्यंत एस्पान्सोच्या चिन्हावरच्या यादीतून अख्खा प्रोग्रामच बंद ठेवावा.