पित्त अंगावर, ठपका वांग्यावर

घरातल्या एखाद्या बाईच्या अंगावर पित्त उठू लागले की पहिला ठपका वांग्यावर येतो. मग अंडे, मग सुकट-बोंबील, मग मसूर, मग गोश्त. एखादी खाला सांगते, टोमॅटो बंद कर. दुसरी सांगते, माशावर दूध प्यायली असशील. महिनाभरात तिच्या ताटात मुगाची खिचडी तेवढी उरते. घरातल्या इतरांसाठी रोजचे कालवण तीच करते आणि खाज मात्र आहे तिथेच असते. आम्ही राहतो त्या नालासोपाऱ्यात, सोपारा गावातल्या जुन्या घरांपासून तुळींज-आचोळ्याच्या चाळींपर्यंत, हे सगळीकडे सारखेच चालते.

आपण याला पित्त म्हणतो, कोणी पित्ती उछळली म्हणतात, वैद्य शीतपित्त म्हणतात, डॉक्टर अर्टिकेरिया. नावात पित्त असले तरी पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. आपल्या त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, कातडी फुगून गांध उठते आणि मज्जातंतू चाळवले जाऊन खाज सुटते. एक गांध फार टिकत नाही. शंका असेल तर पेनाने तिच्याभोवती गोल काढून ठेवावा. चोवीस तासांच्या आत ती गांध मावळते आणि दुसरीकडे नवी उठलेली असते. गोलातला चट्टा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर तो प्रकार वेगळा असू शकतो. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवा.

आता खाण्याचे. कोळंबी खाल्ली आणि तासाभरात अंग फुलले, हे खरोखर घडते. एखाद्या औषधाने किंवा साध्या तापा-सर्दीनेही घडते. पण असे पित्त काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ जवळजवळ रोज गांधी उठत असतील तर तो जुनाट प्रकार झाला, आणि त्यात खाण्याचा हात क्वचितच असतो. बऱ्याच रुग्णांत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच बिथरलेली असते. शरीराने तयार केलेले प्रतिद्रव्य स्वतःच्याच मास्ट पेशींना डिवचते. म्हणून अशा रुग्णांत थायरॉइडचा त्रासही इतरांपेक्षा जास्त दिसतो आणि डॉक्टर ती तपासणी सांगतात. अनेकांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. तरीही उपचार लागू पडतो.

म्हणूनच शंभर-दीडशे पदार्थांची यादी छापलेली ती महागडी ॲलर्जी तपासणी जुनाट पित्तात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या कागदावर दहा-बारा पदार्थांपुढे खुणा येतात, पण त्या खुणा म्हणजे गांधीचे कारण नव्हे. हजारो रुपये जातात आणि आधीच अशक्त झालेल्या बाईचे दूध-अंडेही बंद होते. हा आजार बायकांना पुरुषांच्या साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ही उपासमार कोणाच्या वाट्याला येते ते वेगळे सांगायला नको.

दुसरा ठपका पाण्यावर येतो. आपल्याकडे टँकरचे पाणी, त्यात पावसाळ्यात गटार रस्त्यावर आलेले, तेव्हा संशय साहजिक आहे. अशा पाण्याने इतर त्रास होतात, पण वर्षभर चालणारे पित्त त्याने होत नाही. नजर लागली म्हणूनही होत नाही. आणि हे पित्त एकाचे दुसऱ्याला लागत नाही. ताट, टॉवेल, अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही. मुलीचे स्थळ यावरून मोडत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुढे होऊन हे सांगितले पाहिजे.

लागणारी खाज वेगळी, ती म्हणजे खरूज. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपतात तिथे ती पटकन पसरते. रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ येते आणि घरात एकाहून अधिक जण खाजवत असतात. तिला डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. पित्ताच्या गोळीने खरूज जात नाही आणि खरजेच्या मलमाने पित्त जात नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली, तीन-चार औषधे एकत्र असलेली ट्यूब तर कशालाच लावू नये. तिच्यातल्या स्टेरॉइडने नायटा चिघळतो.

काही गोष्टी पित्ताला चिथावणी मात्र देतात. कोणाला घाम आणि उकाडा: दुपारी लाइट गेली, पंखा थांबला की अंगभर बारीक गांधी. कोणाला दाब: सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने गेलेल्या बाईला खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली किंवा सलवारीच्या घट्ट नाडीखाली पट्टे उठतात, कधी काही तासांनी, म्हणून संबंध लक्षात येत नाही. कोणाला गार पाणी. आणि एक चिथावणी घरोघरी डब्यात पडून असते: अंगदुखीची गोळी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी अनेकांचे जुने पित्त उसळते. त्या ऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. वांग्यापेक्षा या गोळीवर नजर ठेवणे जास्त उपयोगाचे.

औषधाबाबत घराघरांत होणारा घोळ असा की, गोळी खाज सुटल्यावर घेतली जाते. गांध उठली की गोळी, मावळली की बंद. पण हिस्टामिन सुटून गेल्यावर गोळी उशिरा पोहोचते. जुनाट पित्तात ती रोज, ठरल्या वेळी, गांध नसली तरी घ्यायची असते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन ही त्यातली नावे. पहिल्या पिढीच्या गोळ्यांनी फार झोप येते, त्या मानाने यांची गुंगी कमी, तरी सेटिरिझिनने काहींना पेंग येते. मशीनवर काम करणाऱ्याने किंवा रिक्षा चालवणाऱ्याने हे डॉक्टरांना जरूर सांगावे. सेटिरिझिन जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते. रोजच्या एका गोळीने दोन ते चार आठवड्यांत भागले नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात, काही रुग्णांत चौपटीपर्यंत. पण ते आपल्या मनाने करायचे काम नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही घेता येतील अशा गोळ्या आहेत, फक्त डॉक्टरांना तसे आधी सांगायला हवे.

एका सुईत आराम देणारे दवाखाने आपल्या गल्ल्यांत बरेच आहेत. त्या सुईत बहुधा स्टेरॉइड असते. एखाद्या भयंकर रात्री त्याची गरज पडू शकते. पण महिनोन् महिने सुया किंवा गोळ्या घेत राहिले की साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, तोंड सुजते, आणि औषध थांबताच पित्त परत येते. बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करणेही धोक्याचे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचे. गोळ्यांची पूर्ण मात्राही कमी पडली तर ओमालिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे, सहसा दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. गुण चांगला आहे, किंमत मोठी आहे. सायक्लोस्पोरिन हा आणखी एक मार्ग, पण त्यात मूत्रपिंड आणि रक्तदाब सतत तपासावा लागतो.

रमजानमध्ये ही गोळी फार अडचण करत नाही, कारण दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर घेता येते. दोनदा असेल तर इफ्तार आणि सहरी. सुईने रोजा तुटतो का, हे अनेक जण विचारतात. पोषणासाठी नसलेल्या सुईने तुटत नाही असे बहुतेक उलमांचे मत आहे. आपल्या आलिमांना विचारून मनाची खात्री करावी. आणि त्रास खरोखर असह्य असेल तर आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनच्या सूरह बकरहमध्येच आहे. ज्यांना गार पाण्याने गांधी उठतात त्यांनी वुजूसाठी कोमट पाणी घ्यावे. अंगावर कॅलामाइनचा थर वाळला असेल तर आधी तो धुवावा.

खाज ही क्षुल्लक तक्रार आहे, असे समजणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुरुषांना रेशीम मना आहे. पण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत झुबैर बिन अव्वाम (रजि.) यांना खाजेचा त्रास होता, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रेशमी कमीस घालण्याची परवानगी दिली. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. सून रात्रभर झोपली नाही म्हणते तेव्हा घरातल्यांनी ती आठवावी.

तोवर खाज कशी काढायची? गार पाण्यात पिळलेले सुती फडके दहा मिनिटे ठेवावे (गारव्याने पित्त उठणाऱ्यांनी नव्हे). कॅलामाइन लावावे, नखे कापावीत, आतून सैल सुती कपडा घालावा, बुरख्याखाली तर नक्कीच. आमसुलाचे पाणी लावण्याची कोकणी रीत अनेकांना थंडावा देते. कातडी फुटलेली नसेल तर लावायला हरकत नाही. घोंगडीने अंग घासणे मात्र बंद करावे. घासण्याने मास्ट पेशी आणखी चिडतात.

ओठ-पापण्या सुजणे या आजारात होते आणि उतरते. पण जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, श्वास अडकला, चक्कर येऊन अंग गार पडले, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल ती रिक्षा करून जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

बहुतेकांचे पित्त दोन ते पाच वर्षांत आपोआप विझते, काहींचे वर्षाच्या आतच. त्यामुळे आराम पडल्यावर डॉक्टर अधूनमधून मात्रा कमी करून पाहतात. मुंबई सेंट्रलजवळच्या नायरमध्ये किंवा भायखळ्याच्या जेजेमध्ये त्वचा विभागाची ओपीडी आहे, पण नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून केसपेपरच्या रांगेतून आत जाईपर्यंत अंग स्वच्छ झालेले असते आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. म्हणून गांधी उठल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, तारीख-वेळेसह, आणि त्या दिवशी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत घालून न्यावीत.