वाळूतली वस्ती



वाळवंट म्हटले की उंटांचा तांडा आणि वाळूच्या लाटा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. बाकी सारा शुकशुकाट. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी आणि युनियनच्या कचेरीत गेले; बाकीचे शिक्षण वाचनालयाने केले. फाटकाशी एक गोष्ट मात्र पक्की कळली. मस्टरवर ज्याचे नाव नाही, तो राबतच नाही असे मालक खुशाल धरून चालतो. जमिनीचेही तसेच आहे. दप्तरात जिला ‘पडीक’ म्हटले, तिच्या कष्टांची नोंद कोणी ठेवीत नाही.

राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत 3,162 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरु उद्यान आहे. 1980 साली त्याला संरक्षण मिळाले. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले, तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. वाळूच्या टेकड्या तिथे काही भागावरच आहेत. बाकी खडकाळ पठार, मुरमाड माळ, खारट खळगे आणि गवताची कुरणे.

पाऊस वर्षाकाठी जेमतेम 200 मिलीमीटर. मग जीव तगतात कसे? वाळू पाणी झटकन पिते. वरचा थर वाळतो आणि झाकणासारखा बसतो. खालची ओल उडून जात नाही. सेवण नावाचे गवत मुळांनी ती ओल गाठते आणि वाऱ्याबरोबर उड्या मारीत जाणारे कण आपल्या बुंध्याशी अडवते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी तिथे ‘खेजडी’ म्हणून ओळखली जाते. तिची मुळे फार खोल जातात आणि तिचा पाला शेळ्यामेंढ्यांच्या पोटी पडतो. गवतावर टोळ आणि किडे. त्यांच्यावर पक्षी आणि सरडे. सांडा उन्हाच्या वेळी बिळात शिरतो. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. रात्री खोकड आणि रानमांजर शिकारीला निघतात, फुरसेही बाहेर पडते. पडीक जमिनीवरची ही रात्रपाळी!

या वस्तीतला सर्वांत मोठा मानकरी म्हणजे माळढोक. आपल्याला तो परका नाही. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली अभयारण्य झाले. पण आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. उरलेले बहुतेक माळढोक थारच्या वाळवंटात आहेत. मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही. विजेची तार दिसते तेव्हा जड शरीर वळवायला वेळ उरलेला नसतो. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सूर्यापासून मिळणारी स्वच्छ वीजही देशाला हवी, हा विचार करून 2024 साली तो सरसकट आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली.

इथे आम्हांला आमचा धंदा आठवतो. तडजोड आम्ही जन्मभर केली. तिच्यात वावगे काही नाही. पण टेबलाशी ज्याला खुर्ची नाही, त्याचाच वाटा आधी कापला जातो. माळढोकाला बोलता येत नाही. उद्यानाच्या ढाण्यांत राहणारे गुराखी बोलतात. पण वीज, पाणी, रस्ते यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले आहेत. पक्षी वाचवायचा म्हणून त्यांना अंधारात ठेवणे हा न्याय नव्हे. ज्या कुरणावर त्यांची गुरे चरतात, त्याच कुरणावर माळढोकही जगतो.

तेव्हा उपाय गुराख्याला हुसकावण्यात नाही. तारा कुठून न्यायच्या, कुठे पुरायच्या, कुरण किती राखायचे हे ठरवताना त्याला बोलवावे. पुरलेल्या तारेला खर्च जास्त येतो, हे खरे. पण तो पक्ष्याच्या आणि गुराख्याच्या माथी मारून दिवे लावावेत काय, हे दिव्याखाली बसणाऱ्या आपण सर्वांनी ठरवायचे आहे.