कॅम्प क्रमांक ५ : छावणीची नावे व वसाहतीच्या भाषा

विशिष्ट प्रयोजनासाठी वसविलेल्या वस्तीचे प्रयोजन संपुष्टात आले, तरी त्या प्रयोजनातून निर्माण झालेली नावे सहसा नाहीशी होत नाहीत. कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणी २००१ साली बंद पडल्या. परंतु ‘चँपियन’ हे खाणीचे नाव रेल्वेस्थानकाला आजही आहे, आणि खाणकामासाठी आलेल्या मजुरांची तमिळ भाषा त्या कन्नड प्रदेशात अद्याप नांदत आहे. कल्याणनजीकच्या उल्हासनगराची कथा याच जातीची होय. फरक इतकाच, की तेथे खाणीच्या जागी लष्करी छावणी होती, आणि लोक आले ते मजुरीच्या आशेने नव्हे, तर देशाच्या फाळणीमुळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी कल्याणजवळ ही छावणी उभारण्यात आली. १९४७ नंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली. लांबलचक बराकींत आडोसे घालून एकेका कुटुंबाने खोलीपुरती जागा आपलीशी केली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण होऊन उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव रूढ झाले. नाव नदीचे मिळाले, परंतु पोटविभागांना छावणीचे क्रमांकच राहिले : लोहमार्गाच्या पश्चिमेस १, २ व ३, आणि पूर्वेस ४ व ५. यांपैकी पाचवा अंबरनाथच्या सीमेला भिडलेला आहे. ज्या अंबरनाथाच्या शिवालयात शके ९८२ चा शिलालेख आहे, त्याच्या शेजारी निव्वळ आकड्याने ओळखली जाणारी वस्ती असावी, हा योग स्थलनामांच्या अभ्यासकाला चिंतनीय वाटेल.

‘कॅम्प’ या शब्दाचा अर्थ येथे दोनदा पालटला आहे. प्रथम तो सैन्याचा तळ होता. पुढे निर्वासितांची छावणी झाला. अखेरीस शहराचा एक भाग, एवढाच अर्थ उरला. पुण्यात ‘कॅम्प’ व ‘लष्कर’ हे दोन्ही शब्द एकाच भागासाठी चालतात, कारण तेथे सैन्य टिकून राहिले. उल्हासनगरात ‘लष्कर’ हा पर्याय रुजला नाही. बोलण्यात तर ‘कॅम्प’ही गळतो आणि मनुष्य ‘पाच नंबरला’ राहतो. टपालाच्या पत्त्यात मात्र बराकीचा क्रमांक अजून आढळतो. जेथे बराक पाडून इमारत उभी राहिली आहे, तेथेही.

या वस्तीत आलेली सिंधी मराठीच्या दूरच्या नात्यातील असली, तरी तिची काही लक्षणे मराठी कानाला अपरिचित आहेत. तिच्यात चार अंतःस्फोटक व्यंजने आहेत. त्यांच्या उच्चारात श्वास बाहेर न लोटता आत ओढल्यासारखा होतो. देवनागरीत ती अधोरेखित अक्षरांनी (ॻ, ॼ, ॾ, ॿ) दाखवितात. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. अर्थाचा सगळा भेद त्या एका ध्वनीवर अवलंबून आहे. दुसरे लक्षण शब्दान्तीच्या ऱ्हस्व स्वराचे. ‘हथु’ म्हणजे एक हात, ‘हथ’ म्हणजे अनेक हात. या दुसऱ्या रूपाच्या अखेरीस ऱ्हस्व ‘अ’ स्पष्ट उच्चारला जातो. ज्ञानेश्वरकालीन मराठीतही ‘देवु’, ‘लोकु’ अशी उकारान्त रूपे होती आणि ती कालौघात लोपली. मात्र हिंदीच्या सान्निध्यात सिंधीचा अन्त्य स्वर गेला, तर स्वराबरोबर एकवचन-अनेकवचनाचा भेदही जातो. मराठीला हा बदल पचवावयास काही शतके लाभली. सिंधीला दोन-तीन पिढ्यांतच तो सोसावा लागत आहे. लछमन खूबचंदाणी यांनी भारतीय सिंधीवरील हिंदीच्या प्रभावाचा अभ्यास १९६३ सालच्या आपल्या प्रबंधात केला, तो या दृष्टीने आजही पाहण्यासारखा आहे.

नात्याच्या खुणाही आहेतच. कॅम्प ५ मधील झुलेलालाचे मंदिर ‘चालिहा’ या चाळीस दिवसांच्या व्रतासाठी प्रसिद्ध आहे. वीह, टीह, चालीह या सिंधी संख्यांपुढे वीस, तीस, चाळीस ठेवल्या, म्हणजे सकाराच्या जागी हकार आल्याचे ध्यानात येते. मराठीनेही ‘दश’चे ‘दहा’ केले. पण पुढे ती थांबली, सिंधी थांबली नाही.

लिपीचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला. इंग्रजी अमदानीत १८५३ साली अरबी वळणाची लिपी सरकारमान्य झाली होती आणि पहिल्या पिढीचे साक्षरतेचे माध्यम तीच होती. स्वातंत्र्योत्तर काळात देवनागरीचा पुरस्कार झाला, त्यास विरोधही झाला, आणि अखेर दोन्ही लिपींना मान्यता द्यावी लागली. १९६७ च्या एप्रिलमध्ये सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. परंतु सिंधी माध्यमाच्या शाळा ओसरत गेल्या. स्वतःचा भाषिक प्रांत नसलेल्या समाजाला घटनात्मक मान्यतेने प्रतिष्ठा मिळते. वाचक मिळतीलच, असे नाही. आजोबांची लिपी नातवाला वाचता येत नाही, आणि नातवाच्या देवनागरीत अक्षराखालची रेघ छापावयाची राहून गेली, तर ‘मूल’ आणि ‘ओझे’ हे दोन्ही शब्द कागदावर एकसारखेच दिसतात.